नाण्यावरचा तो चेहरा रोमन नव्हे

सातवाहनांचे चांदीचे नाणे आजच्या रुपयापेक्षा लहान आणि वजनाला जेमतेम दोन ग्रॅम. एवढ्याशा जागेत राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, भोवती ब्राह्मी लिपीत नाव आणि मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चारही टोकांना वर्तुळे असलेली फुली. असे नाणे पाहिले की पैठणकरही चटकन म्हणतो, ‘हा कोणी रोमन बादशहा असणार.’

रोमशी पैठणचा व्यापार होता, यात शंका नाही. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात हे गाव भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे, आणि टॉलेमीने तर ते पुळुमावीची राजधानी म्हणूनच नोंदवले आहे. पण हा चेहरा रोमचा नाही, वासिष्ठीपुत्र पुळुमावी किंवा यज्ञ सातकर्णी यांच्यासारख्या इथल्याच राजांचा आहे. चेहऱ्याची रीत मात्र शत्रूकडून आली. ती इंडो-ग्रीकांकडून शक क्षत्रपांनी उचलली आणि क्षत्रपांकडून सातवाहनांनी. क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरेही आहेत. गंमत म्हणजे त्याचा चेहरा नाण्यागणिक बदलतो, तेव्हा त्याला हुबेहूब छबी समजू नये.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची नाणी वितळवून त्याचा चेहरा पुसून टाकला, असेही ऐकू येते. पण 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता, तोही स्वतःच्या चेहऱ्याचा नव्हे, तर टेकडीचा आणि उज्जैन चिन्हाचा. कित्येक नाण्यांवर खालून नहपान अजून डोकावतो. मला यात सूडापेक्षा हिशेबीपणा जास्त दिसतो. लोकांना सवयीची असलेली चांदी मोडायची कशाला?

आणि नहपानाबरोबर शक कायमचे संपले? नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, लेकाचे कौतुक करताना नहपानाचे क्षहरात कुळ निर्मूळ केल्याचे कोरवले आहे. ते कुळ संपलेही, पण शकांची दुसरी शाखा उरली होती. तिच्यातल्या रुद्रदामनाने दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवले, आणि नाते जवळचे म्हणून नष्ट केले नाही, असे त्याचा गिरनारचा लेख सांगतो.

मातीच्या सैन्यात प्राण फुंकणाऱ्या शालिवाहनाने शके सुरू केल्याची कथा पैठणची लाडकी आहे. पण शालिवाहन म्हणजे गौतमीपुत्र मानला, तरी त्याचा लेख त्याच्या राज्याचे 18 वे वर्ष सांगतो आणि बलश्रीचा लेख त्याच्या मुलाचे, पुळुमावीचे, 19 वे. बापाने कालगणना सुरू केली असती, तर मुलाने ती सोडली असती का? इसवी सन 78 ची गणना शक क्षत्रपांनी वापरली. शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनी चिकटले.

शेवटचा गैरसमज सर्वांत घातक आहे: चिंचेने घासून चकचकीत केले की नाण्याला भाव येतो. उलट घासल्याने अक्षरे जातात, आणि त्यांच्याबरोबर राजाचे नावही. पैठणच्या शेतात, पांढरीत असे काही सापडले तर घासू नका, सराफाकडे नेऊ नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. नेमके कुठे सापडले, तेही लिहून ठेवा.