उंचावलेल्या जीपची थरथर : आधी मोजमाप, मग पाना

महिंद्रा कंपनीने ‘विलीज’ जीपचे सुटे भाग परदेशातून आणून माझगावात त्यांची जुळणी सुरू केली. तेव्हापासून चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाड्यांचा मुंबईशी संबंध आला. जुन्या जीप, मारुती जिप्सी आणि थार या गाड्या आजही गिरगाव, दादर, परळच्या गल्ल्यांतून दिसतात. सह्याद्रीतील खडकाळ वाटांसाठी त्यांपैकी अनेकींची उंची दोन-तीन इंचांनी वाढविली जाते. त्यानंतर बऱ्याचदा एक नवीच व्याधी जडते. ठरावीक वेगाला गाडीचा तळ थरथरू लागतो.

लालबाग-परळच्या सिग्नलांवर ही थरथर सहसा जाणवत नाही, कारण तेथे गाडीला वेगच मिळत नाही. २०१३ मध्ये खुला झालेला पूर्व मुक्त मार्ग किंवा सागरी किनारा मार्ग गाठल्यावर ती प्रकट होते. मग चाकांचे बॅलन्सिंग होते, टायर बदलले जातात, ऑपेरा हाऊस परिसरातून सुटे भाग येतात. पण थरथर कायम राहते. अशा वेळी भाग बदलण्याआधी थरथर कशाच्या गतीशी बांधलेली आहे, हे शोधणे आवश्यक असते.

क्रॉसचे गणित

ट्रान्स्फर केसपासून डिफरन्शियलपर्यंत शक्ती नेण्याचे काम प्रोपेलर शाफ्ट करतो. त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘क्रॉस’ असतो. या सांध्याचा एक जन्मजात दोष आहे. तो कोनात फिरू लागला की पलीकडची गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. ३ अंशांच्या कोनात हा चढउतार दोन्ही बाजूंना जेमतेम ०.१४ टक्के असतो. १० अंशांत तो दीड टक्का आणि २० अंशांत सुमारे सहा टक्के होतो.

यावरचा उपाय रचनेतच आहे. दोन्ही टोकांचे कोन समान असतील आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील, तर पहिल्या क्रॉसने बिघडविलेली गती दुसरा क्रॉस सावरतो. गाडी उंचावली की हा समतोल ढळतो. एक मीटर लांबीच्या शाफ्टचे एक टोक ७५ मिलिमीटरने वर गेले, तर त्याचा उतार सव्वाचार अंशांहून अधिक वाढतो. त्यातच कमानपाट्यांच्या एकाच टोकाचे शॅकल लांब केले असेल, तर ॲक्सल फिरतो आणि डिफरन्शियलमधील पिनियनचे तोंड भलत्याच दिशेला वळते. मग कोन नुसते मोठे राहत नाहीत, तर विषमही होतात.

ताल कोणाचा?

पहिली परीक्षा रस्त्यावरची. ज्या वेगाला थरथर येते, तोच वेग ठेवून गिअर बदलावा. इंजिनाचे फेरे बदलले तरी थरथर तशीच राहिली, तर इंजिन बहुधा निर्दोष असते. दुसरी परीक्षा ॲक्सिलरेटरची. मोकळ्या, सरळ रस्त्यावर तो दाबताना थरथर वाढत असेल आणि सोडताच ओसरत असेल, तर संशय कोनांवर किंवा झिजलेल्या क्रॉसवर घ्यावा. जोर लागताच कमानपाटे पिळले जातात आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून हा फरक पडतो. ॲक्सिलरेटर दाबला वा सोडला तरी थरथर सारखीच राहत असेल, तर टायर किंवा शाफ्टचा असमतोल तपासावा.

तिसरी परीक्षा आकड्यांची. टायरचा घेर २.२ मीटर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर चारास एक मानू. ताशी ७२ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ९ फेरे घेते, तर शाफ्ट ३६. क्रॉसचा दोष फेऱ्यात दोनदा उमटत असल्याने त्याची कंपने ७३ च्या आसपास येतात. कंपने मोजणारे ॲप असलेला मोबाईल जमिनीच्या पत्र्यावर घट्ट बसवून सोबत्याने आकडा पाहिला, तर ९ टायरकडे, ३६ शाफ्टच्या असमतोलाकडे आणि ७३ कोनाकडे बोट दाखवितो.

कोन मोजताना

कोन मोजताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅकवर चाके लोंबकळत असतील, तर आकडे निरर्थक ठरतात. ट्रान्स्फर केसचा फ्लॅंज, शाफ्ट आणि पिनियनचा फ्लॅंज अशा तीन ठिकाणी कोनमापक लावावा. गल्लीला उतार असला तरी बिघडत नाही, कारण महत्त्व फरकाला असते. मात्र तिन्ही मोजमापे होईपर्यंत गाडी हलवू नये. समजा, उतार अनुक्रमे ३, ९ आणि ५ अंश भरले. म्हणजे एका क्रॉसचा कोन ६, तर दुसऱ्याचा ४ अंश. कमानपाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य दिशेने २ अंशांची पाचर बसविली की दोन्ही कोन समान होतात. ट्रान्स्फर केसकडे दुहेरी क्रॉस असलेल्या शाफ्टला मात्र हा नियम लागू नाही; तेथे पिनियनचे तोंड जवळपास शाफ्टच्याच रेषेत ठेवावे लागते.

शाफ्ट उतरविण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर रंगाची खूण करावी. सरकत्या सांध्याचे दाते चुकीच्या जागी बसले, तर योक एका रेषेत राहत नाहीत आणि नवी थरथर सुरू होते. चाकांना उटीही लावावी. जुन्या जीपमध्ये हॅंडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागच्या टोकाला असतो. मागचा शाफ्ट सुटला की तो मागची चाके धरून ठेवू शकत नाही आणि खाली काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

पाण्याचा वाटा

प्रत्येक थरथरीचा दोष उंचीवर टाकणेही योग्य नाही. स्प्रिंग उंच केल्याने गाडीचा सांगाडा वर जातो, ॲक्सल नव्हे. तो केवळ मोठ्या टायरांनी वर येतो. त्यामुळे हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून गेलेल्या उंच गाडीचेही क्रॉस भिजतात. सील सैल असतील तर ग्रीस धुऊन जाते आणि बेअरिंगच्या बारीक सुयांना गंज चढतो. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली किंवा शाफ्ट हाताने हलविताना ‘कट्’ असा आवाज आला, तर कोन मोजण्याआधी क्रॉस बदलावा.

थरथर ही निव्वळ गैरसोय समजून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. धावत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतून गाडी उलटू शकते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर मर्यादा घालते, हेही उंची वाढविण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. गाडी आधीच उंचावली असेल, तर रस्त्यावरील परीक्षा, क्रॉसची तपासणी आणि कोनांचे मोजमाप याच क्रमाने जावे. सुट्या भागांच्या दुकानाची पायरी त्यानंतर चढावी.