फवारणीपूर्वी ओळखा शेतातील मित्रकीटक

गोव्यात भातकापणीनंतरच्या वायंगण हंगामात अळसांद्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दाटला की शेतकऱ्याचा हात साहजिकच फवारणी पंपाकडे वळतो. मात्र मावा फस्त करणारा ढालकिडा, म्हणजेच लेडीबर्ड भुंगेरा, अनेकदा त्याच शेंड्यांवर आधीच दाखल झालेला असतो. तीव्र कीटकनाशकाने मावा मरतो, तसा हा रक्षकही मरतो. वाचलेला मावा थेट पिल्ले देऊन काही दिवसांतच पुन्हा फोफावतो. भुंगेऱ्याला अंडी, अळी व कोष या अवस्था ओलांडून प्रौढ होण्यास सुमारे दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे दुसरी फवारणी करण्याची वेळ येते आणि खर्च वाढत जातो.

हे चक्र थांबवण्यासाठी एकात्मिक कीड व्यवस्थापनात निरीक्षणाला अग्रक्रम दिला जातो. हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था १९६६ मध्ये पीक संरक्षणाचे प्रशिक्षण देण्यासाठी सुरू झाली. ‘कृषी परिसंस्था विश्लेषण’ या पद्धतीवर तिचा भर आहे. यात ठरावीक झाडांवरील किडी आणि मित्रकीटक अशा दोहोंची मोजणी केली जाते. दोन किडींमागे एक मित्रकीटक असल्यास फवारणी न करता निरीक्षण चालू ठेवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. मात्र पिकाची अवस्था, हवामान आणि मित्रकीटकाची भक्ष्य खाण्याची क्षमता पाहूनच अंतिम निर्णय घ्यावा लागतो.

खरी अडचण ओळखण्याची आहे. तांबडा, ठिपकेदार, घुमटाकार प्रौढ भुंगेरा सहज ओळखता येतो. पण त्याची लांबट, करडी-काळी, इवल्या मगरीसारखी दिसणारी अळी कीड समजून मारली जाते. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याच्या अळीवर पांढरे मेणचट तंतू असल्याने ती पिठ्या ढेकणासारखीच भासते. तिची चपळ हालचाल हीच तिची खूण.

याच कुळातील हड्डा भुंगेरा मात्र शत्रू आहे. तो वांग्याच्या पानांतील हिरवा भाग खरवडून केवळ जाळी शिल्लक ठेवतो. त्याची पाठ चकचकीत नसून बारीक लवेची असते आणि अळी पिवळसर, काटेरी असते.

मित्रकीटक टिकवण्यासाठी बांधावर झेंडू, कोथिंबीर, मोहरी फुलू द्यावी. परागकण हे त्यांचे पूरक अन्न आहे. मधासारख्या चिकट स्रावासाठी मुंग्या मावा व पिठ्या ढेकणांची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात, म्हणून त्यांचाही बंदोबस्त करावा. फवारणी अपरिहार्य असल्यास ती फक्त कीडग्रस्त भागापुरती ठेवावी.

विषाणूजन्य रोग पसरवणाऱ्या माव्याबाबत केवळ भुंगेऱ्यावर विसंबणे धोक्याचे ठरते, कारण थोडा मावाही रोग फैलावू शकतो. अशा वेळी कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. इतर वेळी पंप उचलण्यापूर्वी पानाची खालची बाजू पाहणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.