नगराध्यक्षपदाचा उमेदवार बोलतोय ते पालिकेच्या हातात आहे का? गावाकडच्या माणसानेही समजून घ्यावं असं सगळं

नंदुरबार : जिल्ह्यातल्या नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर या चारही नगरपालिकांसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान ठरलं होतं. रिक्षावर भोंगे फिरत होते, मोबाईलवर रोज नवा व्हिडिओ येत होता. रोज पाणी देऊ, घरपट्टी कमी करू, शहर चकाचक करू, स्टँड सुधारू, दवाखान्यात डॉक्टर आणू, असं सगळंच कानावर येत होतं. ऐकायला सगळं चांगलं आहे. पण यातलं कुठलं काम पालिकेचं, कुठलं दुसऱ्या खात्याचं आणि कशाला पैसा कुठून येतो, एवढं कळलं तरी भाषणातला दाणा आणि भुसा वेगळा करता येतो.

हा लेख कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने नाही आणि कुणाच्या विरोधातही नाही. उमेदवार कोणीही असो, त्याची भूमिका कशी तपासायची, एवढंच इथे सांगतोय.

आपण खेड्यातले, आपल्याला काय त्याचं?

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. त्यातले शंभरात जेमतेम १७ जण शहरात राहत होते. म्हणजे जिल्हा खेड्यांचा आहे. पण बाजार, कॉलेज, मोठा दवाखाना, कोर्ट, तहसील सगळं शहरात. पोरं खोली घेऊन शिकायला शहरात राहतात. आपण भाजी, मिरची, आमचूर घेऊन तिथेच जातो. शहराचं गटाराचं पाणी ज्या नदीत जातं, ती नदी पुढे आपल्याच शिवारातून वाहते. त्यामुळे मत नसलं तरी संबंध आहेच. आणि शहरात मत असलेले भाऊबंद, नातेवाईक प्रत्येकाचे आहेत. हे वाचून त्यांना पाठवता येईल.

मतं किती द्यायची?

नगरपालिकेत एक मत थेट नगराध्यक्षाला आणि बाकीची आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांना. बहुतेक प्रभागात दोन नगरसेवक आहेत, म्हणून एकूण तीन मतं. जिथे प्रभागात तीन जागा, तिथे चार मतं.

त्याआधीच्या वेळीही नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले होते. शहाद्यात २०१६ मध्ये मोतीलाल पाटील आणि नंदुरबारला २०१७ च्या अखेरीस रत्ना रघुवंशी निवडून आल्या. ती मुदत संपल्यावर ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि पालिकांवर प्रशासक बसले. इतकी वर्षं शहराचा कारभार निवडून आलेल्या माणसाविना चालला. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितलं, म्हणून हे मतदान ठरलं.

धडगाव नगरपंचायत या फेरीत नव्हती. तिथली निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये झालेली आहे.

पालिकेचं काम कोणतं, दुसऱ्याचं कोणतं?

नगरपालिका चालते ती १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याने. पिण्याचं पाणी, गटारी, कचरा, शहरातले आतले रस्ते, पथदिवे, आग विझवणं, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद, बांधकाम परवानगी ही पालिकेची कामं. यावर उमेदवाराने जे बोलेल त्याचा हिशोब त्याच्याकडूनच घ्यायचा.

आता दुसरी बाजू बघा. एसटी स्टँड एसटी महामंडळाचं. जिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं. महामार्ग राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणेकडे किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. वीज महावितरणची. रेशन तहसील कार्यालयाकडे. पोलिस राज्याचे. मिरचीचा लिलाव होतो ती कृषी उत्पन्न बाजार समिती, तिची निवडणूकही वेगळी. यातलं काही करून देतो असं उमेदवार म्हणाला तर विचारा, "भाऊ, तुमच्या सहीने होणार आहे का, की मुंबईला पाठपुरावा करणार?" पाठपुरावा करणं वाईट नाही. पण पाठपुरावा वेगळा आणि काम करून देणं वेगळं.

रोज पाणी देऊ : हिशोब मांडून बघा

नंदुरबार शहराला विरचक आणि आंबेबारा धरणांचं पाणी मिळतं. २०११ ला शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजारांच्या घरात होती. जिथे भूमिगत गटार योजना आहे अशा शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी मोजमाप आहे. जुनी लोकसंख्या धरली तरी रोज सुमारे दीड कोटी लिटर पाणी लागतं. तेव्हापासून शहर वाढलंय, म्हणजे गरज त्याहून जास्त.

एवढं पाणी रोज द्यायचं तर चार गोष्टी लागतात : धरणात पाणी राखून ठेवलेलं, शुद्धीकरण केंद्राची ताकद, पुरेशा टाक्या आणि न गळणाऱ्या पाइपलाइनी. पहिली गोष्ट पालिका एकटी ठरवत नाही, त्यात जलसंपदा खातं आणि जिल्हाधिकारी येतात. बाकीच्या तीन पालिकेने करायच्या. त्यामुळे रोज पाणी म्हणणाऱ्याला टाकी कुठे बांधणार, कुठली जुनी लाइन बदलणार आणि पंपाच्या लाइट बिलाचा पैसा कुठून आणणार, हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत असेल तर त्याने अभ्यास केलाय. नसेल तर ती फक्त घोषणा.

घरपट्टी कमी करू : मग पैसा कुठला?

हे आश्वासन सगळ्यात लवकर टाळ्या घेतं. पालिकेची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. बाकी पैसा वरून येतो.

वरून येणाऱ्या पैशालाही दोरी बांधलेली असते. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात आपल्यासारख्या छोट्या शहरांसाठी जे अनुदान ठरवलं, त्यातले शंभरातले ३० रुपये स्वच्छता आणि कचऱ्यावर आणि ३० रुपये पाण्यावरच खर्च करायचे होते. उरलेले ४० रुपये गरजेप्रमाणे वापरता येत होते, पण पगारावर नाही. शिवाय अट अशी होती की राज्याने घरपट्टीचा किमान दर ठरवायचा आणि घरपट्टीची वसुली वाढत गेली पाहिजे.

म्हणजे घरपट्टी फार खाली आणली तर एका हाताने सूट मिळते आणि दुसऱ्या हाताने अनुदान अडचणीत येतं. सरसकट कमी करू असं म्हणण्यापेक्षा, ज्यांची आकारणी चुकली त्यांची दुरुस्त करू, मोठ्या थकबाकीदारांकडून वसूल करू आणि वसुलीची यादी लावू, असं कोणी म्हणत असेल तर ते जास्त खरं वाटतं. घरपट्टीचा बोजा शेवटी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या पोरावरही येतो, हे विसरू नका.

कचरा आणि गटार : शहर साफ, पण गावाचं काय?

२०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे ओला, सुका आणि घरातला घातक कचरा घरातच वेगळा करायचा आणि पालिकेने तो वेगळाच उचलून त्यावर प्रक्रिया करायची, असं ठरलेलं होतं. घंटागाडी वाढवू, असं सगळेच म्हणतात. पण घंटागाडी शहराबाहेर जाऊन कचरा कुठे टाकते? जिथे टाकते तिथे कुणाचं तरी शेत असतं, विहीर असते, गुरं चरत असतात. उन्हाळ्यात ढीग पेटला की धूर गावातच येतो. म्हणून गाड्या किती घेणार यापेक्षा प्रक्रिया कुठे आणि कशी करणार, हा प्रश्न मोठा आहे.

गटाराचंही तेच. शहादा गोमाईच्या काठावर आहे आणि गोमाई पुढे प्रकाशाला तापीला मिळते. तिथे लोक स्नानाला येतात. नवापूरची रंगावली पुढे उकाईच्या पाण्यात जाते. गटारी बांधू म्हणणारा उमेदवार ते पाणी शुद्ध करून सोडणार की तसंच नदीत सोडणार, हे नदीकाठच्या गावांनी विचारायलाच पाहिजे. नवापूरकरांनी ऑगस्ट २०१८ चा रंगावलीचा पूरही पाहिलाय. नाल्यावरचं अतिक्रमण काढायला उमेदवार तयार आहे का, की मतांसाठी गप्प बसणार, हेही तिथे विचारण्यासारखं आहे.

बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांचं काय?

गावाकडून येऊन रस्त्याकडेला भाजी-फळं विकणाऱ्यांसाठी हा सर्वात जवळचा मुद्दा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरात फेरीवाल्यांची पाहणी करणं, त्यांना प्रमाणपत्र देणं आणि बसायची जागा ठरवणं बंधनकारक आहे. त्यासाठी शहर फेरीवाला समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावे लागतात. पाहणी होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्याला उठवता येत नाही. जागा बदलायची तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

रस्ते मोकळे करू, असं उमेदवार म्हणाला तर लगेच विचारा, "आम्हाला बसायला जागा कुठे देणार? तिथे पाणी, सावली, बायकांसाठी संडास असेल का?" ट्रॅफिकचा त्रास खरा आहे आणि पोटाचा प्रश्नही खरा आहे. दोन्हीचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला अभ्यास आहे असं समजा.

हद्दवाढ झाली तर

शहरालगतच्या गावांनी हे नीट वाचावं. गाव पालिकेत गेलं की ग्रामपंचायत आणि ग्रामसभा संपते. आदिवासी भागातल्या गावाला पेसा कायद्याने ग्रामसभेला जे अधिकार मिळतात, तेही ग्रामसभेबरोबर जातात. केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीची कामं ग्रामीण भागासाठी आहेत, शहरासाठी नाहीत. उलट बाजूने रस्ते, दिवे, पाणी, बांधकामाचे नियम शहरासारखे होऊ शकतात आणि घरपट्टीही शहराची लागते.

हद्दवाढीचा अंतिम निर्णय राज्य सरकार घेतं. आधी प्रारूप अधिसूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात. हरकत लेखी आणि मुदतीत द्यावी लागते, चौकात बोलून उपयोग नाही. उमेदवार हद्दवाढीच्या बाजूने असेल तर त्याला विचारा, आत घेतल्यावर आमच्या गावाला पाणी किती वर्षांत येईल?

नगराध्यक्ष एकटा काय करू शकतो?

नगराध्यक्ष सभा चालवतो, विषय पुढे आणतो. पण ठराव पास होतो नगरसेवकांच्या बहुमताने. अंमलबजावणी करतो मुख्याधिकारी आणि तो सरकारचा अधिकारी असतो. म्हणजे गाडी तिघांनी ओढायची. नगराध्यक्ष एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं असेल तर ठराव अडकतात, बजेटवर भांडणं होतात. मतदान करताना तीनही मतं कुणाला देतो, याचा एकत्र विचार करावा तो यासाठीच. आणि मी एकटा करून दाखवतो म्हणणाऱ्याला सभागृहाचं काम कसं चालतं ते माहीत आहे का, हेही बघावं.

उमेदवाराला विचारायचे पाच प्रश्न

१. तुम्ही सांगता ते काम पालिकेचं आहे की दुसऱ्या खात्याचं?

२. पैसा कुठून येणार : घरपट्टीतून, अनुदानातून की एखाद्या योजनेतून?

३. पहिल्या वर्षात काय होईल आणि पाचव्या वर्षी काय?

४. शहराचा कचरा आणि सांडपाणी कुठल्या गावाकडे जाणार?

५. बाजारात बसणाऱ्या गावाकडच्या माणसाची सोय कुठे?

याशिवाय प्रत्येक उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण लिहिलेलं असतं. ते लोकांना बघता येतं. भाषण ऐकण्याआधी ते एकदा वाचा.

निवडून आल्यावरही काम संपत नाही. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज कोणीही करू शकतो, त्यासाठी शहरात मत असायची गरज नाही. पालिकेने साधारण ३० दिवसांत माहिती द्यायची असते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. कचरा डेपोला किती पैसा आला, तुमच्या गावाच्या बाजूच्या नाल्यावर किती खर्च झाला, फेरीवाला समितीची बैठक कधी झाली, हे सगळं विचारता येतं.

म्हणून प्रचारात दारात येणारं प्रत्येक पत्रक मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तारखेसह. पुढच्या पावसाळ्यात गटार तुंबलं, की तो फोटो उघडा आणि आपल्या नगरसेवकाला पाठवा.