घरचा फिल्टर गळू लागला तर
यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा, झरी-जामणी भागांत अनेक बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळते. अशा पाण्याने दीर्घकाळात दात व हाडे खराब होतात. ते उकळूनही फ्लोराइड जात नाही. म्हणून आरओ फिल्टर गळू लागला, तरी आपण बोअरच्या पाण्याकडे वळू नये.

प्रथम कोरड्या हाताने वीज बंद करावी, मग फिल्टरला पाणी देणारी तोटी. फरशी लगेच पुसावी. ज्येष्ठांना घसरण्याचा धोका मोठा. नंतर जोडांवर कोरडा कागद फिरवावा. कागद भिजेल तेथेच गळती. नळी सैल असल्यास नीट आत दाबून बसवावी. फिल्टरच्या झाकणातून गळत असल्यास रबरी वॉशर बदलावा. तरीही थांबले नाही, तर मेकॅनिकला बोलवावे. तोवर तपासलेल्या स्रोताचेच पाणी प्यावे.