वेदनेची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचते कशी?

दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत बधिरतेचे इंजेक्शन देतात. त्यानंतर दाढ उपटली जाते, हिरडीला जखम होते. मात्र रुग्णाला कळ जाणवत नाही. इजा तर झाली, मग वेदना गेली कुठे? याचे उत्तर चेतापेशींतून धावणाऱ्या विजेत दडले आहे.

ही वीज घरातील तारेतल्या विजेसारखी नाही. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. चेतापेशीत मात्र सोडियम व पोटॅशियमचे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, पेशीच्या पटलातून ये-जा करतात. पेशीबाहेर सोडियम अधिक, तर आत पोटॅशियम अधिक असते. पटलातील प्रथिनांचा पंप दर फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकून दोन पोटॅशियम आयन आत घेतो व हा फरक टिकवतो. त्यातच पोटॅशियम सतत थोडे बाहेर झिरपत असल्याने पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते.

इजा होताच हे अंतर कमी होऊ लागते. ते ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आले की सोडियमची द्वारे धडाधड उघडतात, सोडियम आत घुसते आणि आतली बाजू धन होते. लगेच ही द्वारे मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते व पूर्वस्थिती येते. हे सारे एक-दोन मिलिसेकंदांत घडते. तोवर शेजारची द्वारे उघडलेली असतात आणि संदेश पुढे सरकतो. वेदना तीव्र असली तरी एकेक संदेश मोठा होत नाही. संदेशांची संख्या वाढते. तंतूच्या टोकाशी पोहोचलेला संदेश बहुधा रासायनिक द्रव्यांमार्फत पुढच्या पेशीकडे सोपवला जातो.

ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्क्विड अर्थात माकुलच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये ही प्रक्रिया गणिताने मांडली. १९६३ च्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी ठरले.

दंतवैद्याचे लिग्नोकेन नेमकी सोडियमची द्वारे अडवते. जखम होते, पण तिची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचतच नाही.

ही बधिरता काही तासांत ओसरते. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराचे तसे नाही. अनेक चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टण असते. त्यामुळे संदेश टप्प्याटप्प्याने उड्या घेत सेकंदाला १०० मीटरपर्यंत वेग गाठू शकतो. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील हे वेष्टण नष्ट करते. संदेश मंदावतात वा खुंटतात. दृष्टी धूसर होते, हातापायांतील बळ ओसरते. स्नायू धडधाकट असतात. त्यांच्यापर्यंत आज्ञाच पोहोचत नाही.