ट्विकनहॅमच्या मैदानावर एक दिवस

आपल्यापैकी पुष्कळांची मुले हल्ली लंडनला असतात. त्यांच्याकडे चार महिने राहून आलेली मंडळी बकिंगहॅमचा राजवाडा पाहून येतात, पूल पाहून येतात. पण तेथील माणूस शनिवारी दुपारी काय करतो हे बहुधा पाहून येत नाहीत. ते पाहावयाचे तर ट्विकनहॅमच्या रग्बी मैदानासारखी जागा नाही. मी जन्मभर कामगारांच्या सभा व मोर्चे यांची व्यवस्था पाहिली. त्यामुळे मैदान म्हटले की माझे लक्ष खेळाआधी दरवाजांकडे जाते. हा दिवस कसा आखावा ते त्याच अंगाने सांगतो.

लंडनच्या नैर्ऋत्येला ही जागा आहे. १९०७ साली सुमारे दहा एकरांचा हा भाजीचा मळा बिली विल्यम्स या गृहस्थाच्या पुढाकाराने रग्बीच्या मध्यवर्ती संघटनेने घेतला. लोक त्याला थट्टेने कोबीचा वाफा म्हणू लागले, आणि ते नाव अजून टिकून आहे. पहिला सामना २ ऑक्टोबर १९०९ रोजी झाला. आज तेथे ८२,००० माणसे बसतात. वेम्बली सोडले तर ब्रिटनमध्ये एवढे मोठे क्रीडांगण दुसरे नाही. २०२४ पासून पाटीवर एका विमा कंपनीचे नाव आहे, पण लोकांच्या तोंडी ट्विकनहॅमच.

आता हिशेब मांडू. खेळ ८० मिनिटांचा. मध्यंतर व खोळंबे धरून दोन तासांचा. दिवस मात्र आठ तासांचा धरावा, कारण ८२ हजार माणसे एकाच वेळी बाहेर पडतात आणि जवळचे स्टेशन लहान आहे. वॉटर्लूहून आगगाडीने अर्धा तास, पुढे पाव तास चालणे. सामना तीनचा असेल तर दीडला दरवाजाशी असावे. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, रोख पैसे चालत नाहीत, आणि तिकीट बहुधा फोनवर असते. तेव्हा फोन घरून चार्ज करून निघावे. छप्पर प्रेक्षकांच्या डोक्यावर आहे, मैदानावर नाही. फेब्रुवारी-मार्चचा पाऊस पुढच्या रांगांना गाठतो. लोकरीचे कपडे हवेतच.

खेळ समजण्यास एक नियम पुरे: चेंडू घेऊन पुढे पळता येते, पायाने पुढे मारता येतो, पण हाताने पुढे फेकता येत नाही. बाजूला पंधरा गडी. पलीकडच्या रेषेपार चेंडू टेकवला की पाच गुण. बाकीचे शेजारचा माणूस सांगतो, कारण तेथे दोन्ही पक्षांचे लोक मिसळूनच बसतात. फुटबॉलला तसे नसते.

वर्षाआड येथे इंग्लंड-स्कॉटलंड सामना होतो, त्याच्या करंडकाचे नाव कलकत्ता कप. कलकत्त्याचा इंग्रजांचा क्लब बंद पडला तेव्हा बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ती वितळवली आणि हा करंडक केला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. पहिला सामना १८७९ चा. ते रुपये हिंदुस्थानातच मिळवलेले होते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

परंतु मला या मैदानाची खरी ओळख ब्रिटिश कामगार चळवळीचा इतिहास वाचताना झाली. हा सोहळा शनिवारी का, याचे उत्तर १८५० च्या कारखाना कायद्यात आहे. कापड गिरण्यांत शनिवारी दोननंतर स्त्रियांना व अल्पवयीनांना कामावर ठेवता येईना. त्यांच्यावाचून यंत्रे चालेनात, म्हणून पुरुषही सुटू लागले. त्या अर्ध्या दिवसात यॉर्कशर-लँकशरच्या गिरणी व खाण कामगारांनी रग्बी उचलली. पण सामना दूर असला की अर्धा दिवस पुरेना. सकाळचीही पाळी बुडे, मजुरी जाई. त्यांनी बुडालेल्या वेळेचे सहा शिलिंग मागितले. १८९३ साली लंडनच्या सभेत मागणी फेटाळली गेली. पैसे घेऊन खेळणे हे म्हणे सभ्य गृहस्थाला शोभत नाही! ज्याचे पोट शनिवारच्या मजुरीवर नाही त्याला हे म्हणणे फार सोपे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी संघटना काढली. तेराजणांची रग्बी लीग ती हीच. ट्विकनहॅम बांधले ते नाही म्हणणाऱ्या संघटनेने. त्या बाजूने खेळाडूंना उघड मोबदला १९९५ साली मान्य केला. सहा शिलिंगांचा प्रश्न शंभर वर्षे चालला.

म्हणून तेथे गेल्यावर खाद्यपदार्थांच्या खिडकीमागच्या मुलीकडे, दरवाजावरच्या माणसाकडे, शेवटी खुर्च्यांखालचे पेले वेचणाऱ्यांकडेही पाहा. आपली सुट्टी ती त्यांची पाळी. तासांचा दर काय, परतीच्या गाडीचे भाडे कोण देते, हे विचारावेसे मला तरी वाटेल.

खर्चाचे म्हणाल तर पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्याचे तिकीट महाग, आणि मिळण्यास कठीण. स्त्रियांचे सामने स्वस्त, आणि मुलेबाळे घेऊन जाण्यास उत्तम. त्यांना गर्दी नसते असे मात्र समजू नये: २७ सप्टेंबर २०२५ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे हरवले, तेव्हा ८१,८८५ लोक हजर होते. निव्वळ वास्तू पाहावयाची असेल तर सामना नसलेला दिवस निवडावा. पैसे भरून आतून हिंडवून दाखवतात, संग्रहालयही आहे.

परतताना घाई करू नये. शिट्टी वाजताच स्टेशनकडे धावणारा माणूस रांगेत तासभर उभा राहतो. म्हातारी माणसे बरोबर असतील तर गावात थेम्सच्या काठी बसून गर्दी ओसरू द्यावी. पाय धड असतील तर सरळ रिचमंडला चालत जावे, पाऊण तास लागतो. तेथून भुयारी गाडीही मिळते आणि वॉटर्लूची आगगाडीही.