चाव्यांची फळी

पहाटे साडेचार

आजोबांनी आयुष्यात कधी गजर लावला नाही. १९६६ साली, अठराव्या वर्षी, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर जी वेळ अंगात भिनली ती पन्नास वर्षांनीही तशीच होती. ३१ मार्च २०१७ या दिवशीही ते साडेचारलाच उठले. शुक्रवार होता. पाडवा होऊन तीन दिवस झाले होते. मी सणाला मुंबईहून आलो होतो आणि मुद्दाम मागे थांबलो होतो, कारण त्या रात्री आजोबांचा बार बंद होणार होता.

ते २०२१च्या पावसाळ्यात गेले. त्यांची आठवण काढायची म्हटलं की मला त्यांचं सगळं आयुष्य आठवत नाही, तो एक दिवस आठवतो. शेतकरी, फौजी आणि बारवाला हे तिघेही त्या दिवशी आपापल्या वेळेवर कामाला होते.

गोठ्यातला दिवा लागला. शेण काढलं, म्हशीला वैरण टाकली, धार काढली. मग पडवीत आरसा टांगून दाढी. ही दाढी कधी चुकली नाही, आजारपणातसुद्धा. दाढी झाल्यावर त्यांनी माझ्या पांघरुणाचं टोक ओढलं. "ऊठ रे झिला. काजी वाट बघता हत."

सव्वासहा

मार्चअखेर म्हणजे काजूचा भर. बी झाडावरून तोडायची नसते. बोंड पिकून आपोआप खाली पडलं की ते उचलायचं, बी पिरगळून वेगळी करायची आणि पिशवीत टाकायची. हे रोज करावं लागतं. एक दिवस चुकला तर साळिंदर, गुरं नाहीतर शेजारचं पोर तुमच्या आधी पोचतं. घरामागच्या वरकस जमिनीवर आजोबांनी लावलेली दीडशे कलमं होती. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. त्याआधी त्या कातळाळ जागेत करवंदी आणि गवत यापलीकडे काही नव्हतं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची कलमं, बहुतेक वेंगुर्ला-४, त्यांनी आणि आजीने खड्डे खणून लावली. पहिली दोन वर्षं आजीने डोक्यावरून पाणी नेऊन ती जगवली.

पिकल्या बोंडांच्या वासात चालताना आजोबा एक गोष्ट दरवर्षी बोलत, त्या दिवशीही बोलले. झाडाखाली बोंडांचा सडा पडलेला असतो. बांद्याच्या पलीकडे, गोव्यात, याच बोंडांचा रस काढतात, त्याचा हुर्राक होतो, फेणी होते. त्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे त्यातली चार बोंडं पोरं खातात, थोडी म्हैस खाते आणि बाकीची जमिनीत कुजतात. परवान्याची बाटली विकणारा माणूस रोज सकाळी आपल्याच झाडाखाली कुजणाऱ्या फळांतून वाट काढत चालायचा. त्यांना त्याचं मनापासून वाईट वाटे. दारू फुकट जाते म्हणून नव्हे. आजीने वाहिलेलं पाणी कुजतं, असं ते म्हणत.

बागेच्या खालच्या अंगाला, गडग्यापाशी, महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या मोजणीच्या खुणा होत्या. त्या ओलांडताना त्यांनी मान वळवली नाही.

आठ

उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा, लोणच्याची फोड.

आजीच्या फडताळात तीन डबे असत. एका डब्यात पेन्शन, दुसऱ्यात काजूचे पैसे, तिसऱ्यात बारचे. देवाचं तेल, नैवेद्य, गणपती, मुलांच्या शाळेच्या वह्या हे पहिल्या दोन डब्यांतून. तिसऱ्यातून घराचे चिरे, विहिरीचा पंप, कर्जाचे हप्ते. बत्तीस वर्षांत ती बारच्या उंबऱ्याच्या आत एकदाही गेली नाही. ती चिडून असायची असंही नव्हतं. आजोबांसाठी जेवणाचा डबा ती स्वतः न्यायची आणि दाराबाहेरच्या बाकावर ठेवून परत यायची. मी लहानपणी याबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली होती, "त्येंचा काम त्येंका. माका तो वास नको." एवढंच. आजोबांनीही तिला कधी आत बोलावलं नाही. हे दोघांनी एकमेकांना दिलेलं फार मोठं दान होतं, असं मला वाटतं.

साडेदहा

आमचं नांदगाव कणकवली तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं. तिठ्यावरून देवगडकडे फाटा जातो. आजोबा १९८३ साली हवालदार होऊन निवृत्त झाले, गावी आले, आधी चहा-भज्यांचं हॉटेल टाकलं आणि दोन वर्षांनी परमिट रूमचा परवाना काढला. पाटीवर वेगळं नाव होतं, पण सगळा गाव त्याला हवालदाराचा बार म्हणायचा. कौलारू छप्पर, सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर. शटर उघडलं की आधी झाडू, मग फरशी, मग उदबत्ती. उदबत्ती देवासमोर नाही, रेजिमेंटच्या जुन्या फोटोसमोर.

मग स्टॉक रजिस्टर. एक्साइजचं हे रजिस्टर बाकीच्यांकडे नोकर लिहीत. आजोबांनी ते कुणाला लिहू दिलं नाही. आदल्या दिवशीचा साठा, विक्री, शिल्लक, सगळं निळ्या शाईने, आकडे एकाखाली एक उभे, परेडला लावल्यासारखे. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यामुळे रजिस्टरचं शेवटचं पान दरवर्षी याच दिवशी लिहिलं जायचं. त्या वर्षी नवं रजिस्टर आणलेलं नव्हतं.

गल्ल्यामागे, बाटल्यांच्या कपाटाच्या बाजूला, फणसाच्या लाकडाची एक फळी होती. तिला चोवीस खिळे. मोटारसायकलने आलेल्याने टेबलावर बसण्याआधी गाडीची चावी आजोबांच्या हातात द्यायची. ती खिळ्याला लागायची. निघताना आजोबा त्याच्याकडे बघत, दोन प्रश्न विचारत आणि चावी देत किंवा देत नसत. दिली नाही तर गाडी आवारात राहायची, माणूस कुणाच्या तरी मागे बसून घरी जायचा आणि सकाळी चावी न्यायला यायचा. सुरुवातीला भांडणं झाली, दोनचार गिऱ्हाइकं कायमची तुटली. ट्रकवाल्यांना तर जेवण मिळायचं, बाटली नाही. वय विचारायचे. बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस हा कायदा आहे, आणि तो पाळणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

गल्ल्यात एक लहान डायरी होती. तिच्यात अकरा नावं होती. ही माणसं आली तर त्यांना सोडा द्यायचा, भजी द्यायची, दारू द्यायची नाही. पहिलं नाव कसं आलं ते आईने मला सांगितलं. एका संध्याकाळी एक बाई दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती उभी. आजोबा बाहेर गेले, तिच्याशी बोलले, आत आले आणि डायरी काढली. बाकीची दहा नावं अशीच आली. मला माहीत आहे की ती अकरा माणसं दुसरीकडे जाऊन पीत असतील. आजोबांनाही माहीत होतं. दारू विकणाऱ्याने घरं वाचवली असं मी म्हणणार नाही, त्या सहा टेबलांवरून काही संसारांचं नुकसान झालंच. पण माझ्या हातून नाही, असं ठरवून तो ठराव रोज पाळायला किती बळ लागतं, ते त्यांना गल्ल्यावर बसलेलं पाहिल्याशिवाय कळत नाही.

साडेबारा

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री १ एप्रिल २०१७पासून बंद. दुसऱ्या दिवशी आजोबा महामार्गाच्या कडेला उभे राहिले आणि बारच्या दारापर्यंत चालत आले. फौजी पाऊल तीस इंचाचं. बावन्न पावलं भरली. ५०० मीटर म्हणजे सहाशे छप्पन्न पावलं, हे त्यांनी डायरीच्या शेवटच्या पानावर काढून ठेवलं होतं.

दुपारच्या जेवणाला तिठ्यावरचे दोन दुकानदार आले. ते तावातावाने बोलत होते, दिल्लीत बसून आमच्या पोटावर पाय देतात वगैरे. आजोबांनी भात वाढता वाढता त्यांना हरमन सिद्धूंबद्दल सांगितलं. चंदीगडचा हा माणूस तरुणपणी गाडीच्या अपघातात कायमचा चाकाच्या खुर्चीवर आला आणि त्याने महामार्गावरच्या दुकानांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. हे सगळं आजोबांनी वर्तमानपत्रात वाचून लक्षात ठेवलं होतं. "त्येचा खरा आसा," ते म्हणाले. "रस्त्यावर इलेलो माणूस घराक पोचाक होयो."

मी त्या वेळी त्यांच्यावर रागावलो होतो. वाटलं, ज्यांनी चाव्या काढून घेतल्या आणि ज्यांनी दारुड्याला ट्रकमध्ये बसवून दिलं, त्यांना एकच शिक्षा. आजोबांना तो फरक दिसत नव्हता असं नाही. पण कायद्याने आपल्याला ओळखावं अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

तीन

वीस मिनिटं झोप. बाकावर, बूट काढून, टोपी डोळ्यांवर. स्टेशनच्या बाजूने गाडीची शिटी ऐकू आली तरी हलले नाहीत.

पाच

टीव्हीवर बातमी आली. गेले काही दिवस सगळ्यांना आशा होती की बंदी फक्त बाटल्या विकणाऱ्या दुकानांना असेल, बसून पिण्याच्या जागांना नसेल. न्यायालयाने त्या दिवशी स्पष्ट केलं की बार आणि हॉटेलंही त्यात आली. वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी मात्र अंतर ५००वरून २२० मीटर केलं.

आजोबांनी आवाज बंद केला. थोडा वेळ बोटं हलली. "दोनशे एकोणनव्वद," ते म्हणाले आणि कांदा चिरायला मागे गेले.

पुढल्या वर्षी, फेब्रुवारी २०१८मध्ये, ग्रामपंचायतींच्या हद्दीतल्या जागांचा निर्णय न्यायालयाने राज्यांवर सोपवला. त्यानंतर महामार्गावरचे किती तरी बार पुन्हा उघडले. लोक आजोबांना सांगायला आले की अर्ज करा. त्यांनी अर्ज केला नाही. सत्तरी आली होती आणि तोवर रस्त्याचं रुंदीकरण आवारात शिरलं होतं. पण खरं कारण मला वाटतं वेगळं होतं. एकदा हत्यार जमा केलं की ते परत मागायला जायचं नाही, अशी त्यांची रीत होती.

सात

त्या संध्याकाळी सहा टेबलं पुरली नाहीत. बाहेर बाकं टाकली. कासार्डे, असलदे, शिरगाव अशी सगळीकडची माणसं आली. फळीवरचे चोवीस खिळे भरले आणि मी उरलेल्या चाव्या शर्टाच्या खिशात घेऊन हिंडत होतो.

आजोबा स्वतः वर्षातून दोनदाच पीत. ४ फेब्रुवारीला, रेजिमेंटच्या दिवशी, तान्हाजींनी कोंढाणा घेतला त्या आठवणीत एक पेग रम. आणि १० डिसेंबरच्या रात्री एक. त्या दुसऱ्या पेगबद्दल कुणी विचारलं तर ते उठून स्वयंपाकघरात जात. त्या रात्री कासार्ड्याच्या एका म्हाताऱ्याने विचारलं आणि ते उठले नाहीत.

डिसेंबर १९७१. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, कर्नल ब्रार यांच्या हाताखाली ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे पोचली होती. आत पाकिस्तानच्या बलुच रेजिमेंटची पलटण होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, ती एका वयस्क बंगाली माणसाने नेली. उत्तर आलं ते कागदात गुंडाळलेल्या बंदुकीच्या गोळीसकट. "आमका वाटला होता ते त्या म्हाताऱ्याक मारतले," आजोबा म्हणाले. "तो जिवंत परत इलो. त्येचे पाय कापत होते, पण चिठ्ठी त्येना मुठीतसून सोडल्यान नाय." १० तारखेच्या रात्री बलुच पलटण शहर सोडून बाहेर पडायला बघू लागली आणि नेमकी मराठ्यांच्या मोर्चावर आली. आजोबा तेवीस वर्षांचे होते. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, सकाळी धुकं उठलं तेव्हा शेतात जी माणसं पडली होती तीही शेतकरीच होती, हातांवरून कळत होतं.

कुणी ग्लास हलवला नाही. मग एकाने त्यांच्यासमोर रमचा पेग ठेवला. शेवटचा दिवस हवालदार, आज घ्या. त्यांनी तो उचलून परत त्याच्या हातात दिला. "आज ड्युटी आसा."

दहा

गर्दी ओसरू लागली. आजोबा फळीसमोर उभे. एकेकाकडे बघायचं, दोन प्रश्न, चावी. त्या दिवशी तरी सूट देतील असं लोकांना वाटलं होतं. नऊ चाव्या त्यांनी दिल्या नाहीत. आठ जणांना घरी जायला कुणी ना कुणी मिळालं. नववा असलद्याच्या रस्त्याचा, पंचविशीतला, त्या रात्री खूप रडत होता. आजोबांनी बॅटरी घेतली, त्याच्या खांद्याखाली हात घातला आणि त्याला चालत घरी नेलं. मी मागून गेलो. वाटेत तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आता आमचा कोण? आजोबा काहीच बोलले नाहीत. त्याच्या आईने दार उघडलं. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "चावी माझ्याकडे आसा. सकाळी धाड."

चार वर्षांनी, त्यांच्या बाराव्याला, ही बाई उकड्या तांदळाची पिशवी घेऊन आली होती. मुलगा आता कुडाळला नोकरीला आहे, म्हणाली. बराच वेळ आजीजवळ बसून राहिली.

पावणेबारा

रजिस्टरचं शेवटचं पान. शिल्लक बाटल्या मोजल्या, दोनदा. खाली सही, तारीख, वेळ. शटर ओढलं. बाहेरच्या बाकावर आजीने ठेवलेला डबा तसाच होता, गार झालेला. तो तिथेच उभ्याने खाल्ला. घरी येताना त्यांनी महामार्गाकडे पाठ केली होती आणि मला माहीत आहे, ते पावलं मोजत नव्हते.

१ एप्रिल, पहाटे साडेचार

गोठ्यातला दिवा लागला.

सहा वाजता तो पोरगा आला. मान खाली, केस ओले. आजोबांनी त्याला चहा दिला, बशीच्या बाजूला चावी ठेवली आणि कोपऱ्यातली रिकामी पिशवी त्याच्या हातात दिली.

"इलंस तर चल. काजी वेचूक माणूस होयो."